गर्दीतला माणूस मदतीला का धावत नाही?

भर रस्त्यात अपघात होतो. पाहता पाहता जखमीभोवती माणसांचे कडे जमते. कोणी हळहळतो, कोणी चूक कोणाची याचा निवाडा करू लागतो, हल्ली तर कोणी मोबाइल काढून चित्रीकरणही सुरू करतो. जखमीला रुग्णालयात नेण्यासाठी पुढे होणारा हात मात्र लवकर दिसत नाही. दुसऱ्या दिवशी त्याची बातमी येते आणि 'शहरातली माणुसकीच मेली' असे म्हणून आपण पान उलटतो. हा निष्कर्ष फार सोपा आहे आणि म्हणूनच त्याविषयी शंका घ्यायला हवी. कारण २६ जुलै २००५ च्या प्रलयात याच मुंबईने अनोळखी माणसांना घरात घेतले, त्यांना खाऊपिऊ घातले. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत स्फोट झाले, तेव्हा रुळांलगतच्या वस्त्यांतील रहिवासी घरातल्या चादरी घेऊन जखमींना वाहून नेण्यासाठी धावले. शहर तेच आणि माणसेही तीच. मग एका प्रसंगी धावून जाणारा माणूस दुसऱ्या प्रसंगी बघ्याची भूमिका का घेतो?

मानसशास्त्र नेमके काय करते, हे समजून घेण्यासाठी त्याच्या व्याख्या पाठ करण्यापेक्षा असा एखादा प्रश्न हाती घेणे अधिक उपयोगाचे ठरते.

मनकवडेपणा नव्हे, शास्त्र

मानसशास्त्र म्हटले की मनोविकारांवरील उपचार, संमोहन किंवा समोरच्याच्या मनातले ओळखण्याची विद्या, असे काहीसे चित्र अनेकांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. वस्तुतः मनोविकारांचे निदान आणि उपचार हा या शास्त्राचा केवळ एक भाग आहे. माणसाचे वर्तन आणि त्यामागील मानसिक प्रक्रिया यांचा पद्धतशीर अभ्यास, हे त्याचे व्यापक स्वरूप होय. शतकानुशतके तत्त्वज्ञानाच्या घरात वाढलेली ही ज्ञानशाखा स्वतंत्र झाली, ती १८७९ मध्ये विल्हेल्म वुंट यांनी जर्मनीतील लाइपझिग विद्यापीठात मानसशास्त्राची प्रयोगशाळा स्थापन केली तेव्हापासून, असे सामान्यतः मानले जाते. भारतात १९१६ मध्ये कलकत्ता विद्यापीठात प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला. हार्वर्डमध्ये शिकून आलेले नरेंद्रनाथ सेनगुप्ता यांनी त्याची धुरा वाहिली.

मनाचा अभ्यास करायचा, पण मन तर दिसत नाही, ही या शास्त्राची पहिल्यापासूनची अडचण. अमेरिकेतील जॉन वॉटसन यांनी १९१३ मध्ये त्यावर एक टोकाचा तोडगा सुचविला. जे डोळ्यांनी पाहता येते आणि मोजता येते, त्या वर्तनापुरतेच मानसशास्त्राने स्वतःला मर्यादित ठेवावे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे ही भूमिका सौम्य झाली. स्मरण, विचार, भावना हे विषय पुन्हा अभ्यासात आले. परंतु दावा करायचा तर तो तपासता आला पाहिजे, ही शिस्त मात्र कायम राहिली. १९३६ मध्ये कुर्ट लेविन यांनी आणखी एक महत्त्वाचे सूत्र मांडले. माणसाचे वर्तन हे व्यक्ती आणि तिच्या भोवतालची परिस्थिती या दोहोंचे फलित असते, असे ते सूत्र सांगते.

हे सूत्र ऐकायला साधे वाटते. मात्र रोजच्या व्यवहारात आपण त्याचा अर्धा भाग विसरतो. दुसरा कोणी उशिरा आला तर तो बेशिस्त असतो आणि आपल्याला उशीर झाला तर गाडी लेट असते. इतरांच्या वागण्याचा उलगडा करताना त्यांच्या स्वभावाला अवास्तव महत्त्व द्यायचे आणि परिस्थितीकडे दुर्लक्ष करायचे, या प्रवृत्तीला ली रॉस यांनी १९७७ मध्ये मानवी विचारातील मूलभूत दोषाचे स्थान दिले. 'माणुसकी मेली' हा निष्कर्ष याच दोषाचे उदाहरण आहे काय, असा प्रश्न इथे विचारता येतो. त्याचे उत्तर शोधण्याचा पहिला मोठा प्रयत्न एका हत्येतून सुरू झाला.

न्यूयॉर्कमधील एक पहाट

१३ मार्च १९६४ रोजी पहाटे तीनच्या सुमारास न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात कामावरून घरी परतणाऱ्या किटी जिनोव्हीज या २८ वर्षांच्या तरुणीवर एका अनोळखी इसमाने सुरीने हल्ला केला. ती किंचाळली. हल्लेखोर काही वेळ दूर गेला, परत आला आणि पुन्हा वार केले. त्यात तिचा मृत्यू झाला. दोन आठवड्यांनी, २७ मार्चला 'न्यूयॉर्क टाइम्स'ने पहिल्या पानावर जे वृत्त दिले, त्याने अमेरिका हादरली. अडतीस सभ्य, कायदा पाळणाऱ्या नागरिकांनी अर्ध्या तासाहून अधिक काळ हा प्रकार पाहिला आणि एकानेही पोलिसांना फोन केला नाही, असा त्या वृत्ताचा आशय होता. महानगरी जीवनाने माणसे दगड झाली आहेत, अशी टीका सर्व बाजूंनी झाली. अग्रलेख आणि प्रवचने यांना काही काळ दुसरा विषय नव्हता.

बिब लॅटाने आणि जॉन डार्ली या न्यूयॉर्कमधील दोन तरुण प्राध्यापकांनी मात्र प्रश्नच उलटा केला. इतकी माणसे असूनही कोणी मदत का केली नाही, असे सारे विचारीत होते. इतकी माणसे असल्यामुळेच तर मदत झाली नाही, असे नसेल ना, असा विचार या दोघांनी केला. ही नुसती कल्पना होती. तिला प्रयोगाचे रूप कसे द्यावे, हा पुढचा प्रश्न.

बारभाईंचा कारभार

१९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात विद्यार्थ्यांना महाविद्यालयीन जीवनातील अडचणींवर चर्चा करण्यासाठी बोलावण्यात आले. संकोच वाटू नये म्हणून प्रत्येकाला वेगळ्या खोलीत बसवून ध्वनिक्षेपकावरून एकेकाने बोलायचे, असे ठरले. पहिल्याच वक्त्याने आपल्याला अधूनमधून फेफरे येते, हे बोलण्याच्या ओघात सांगितले. दुसऱ्यांदा त्याची पाळी आली तेव्हा तो अडखळू लागला, त्याचा श्वास कोंडला, मदतीसाठी तो विनवू लागला आणि मग आवाज बंद झाला. प्रत्यक्षात हा सगळा आवाज आधी ध्वनिमुद्रित केलेला होता. विद्यार्थी खोलीबाहेर येऊन कोणाला तरी कळवतो का आणि किती वेळात, एवढेच संशोधकांना पाहायचे होते.

आपल्याखेरीज हे ऐकणारे दुसरे कोणी नाही, अशी ज्यांची समजूत होती, त्यांपैकी ८५ टक्के विद्यार्थी झटका संपण्यापूर्वीच मदतीसाठी बाहेर पडले. आणखी एक जण ऐकतो आहे असे वाटत असताना हे प्रमाण ६२ टक्क्यांवर आले. आणखी चौघे ऐकत आहेत असे वाटत असताना ते अवघे ३१ टक्के उरले. आपल्या बखरींतून आलेला 'बारभाईंचा कारभार' हा शब्दप्रयोग सुचावा, असेच हे आकडे आहेत. जबाबदारी अनेकांत वाटली गेली की प्रत्येकाच्या वाट्याला तिचा एवढासा तुकडा येतो आणि तेवढ्या तुकड्याने पाय उचलत नाही. मानसशास्त्रात याला जबाबदारीची विभागणी असे म्हणतात.

इथे एक भेद लक्षात घ्यायला हवा. हौदात दूध ओतायचे असताना, बाकीचे ओततातच आहेत तर आपले भांडेभर पाणी कोणाला कळणार, असा विचार करणाऱ्या नगरवासीयांची अकबर-बिरबलाची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. तिथे लबाडी आहे. या प्रयोगात जे विद्यार्थी खोलीबाहेर पडले नाहीत, त्यांची अवस्था निराळी होती. संशोधक आत गेले तेव्हा अनेकांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम फुटला होता, 'तो बरा आहे ना?' असे ते काळजीने विचारत होते. ते निर्विकार नव्हते. जावे की न जावे, या द्वंद्वात अडकले होते. विशेष म्हणजे इतरांच्या उपस्थितीचा आपल्यावर काही परिणाम झाला, हे त्यांनी मान्यच केले नाही. आपल्या वर्तनाची खरी कारणे आपल्यालाच ठाऊक असतात, या सर्वसाधारण समजुतीला बसलेला हा एक धक्काच होता.

धूर आणि चेहरे

याच दोघांचा दुसरा प्रयोगही त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. एका खोलीत विद्यार्थी प्रश्नावली भरत बसलेले असताना भिंतीतील झरोक्यातून धूर आत सोडण्यात आला. खोलीत एकटे असलेल्यांपैकी ७५ टक्के जणांनी बाहेर जाऊन तो कळवला. मात्र सोबत बसलेले दोघे, जे प्रत्यक्षात संशोधकांचेच साथीदार होते, धुराकडे ढुंकून पाहत नाहीत असे दिसल्यावर केवळ १० टक्के जणांनी तो कळवला. उरलेले डोळे चोळत, खोकत प्रश्नावली भरत राहिले. नंतर विचारल्यावर, ती वाफ असावी, वातानुकूलन यंत्राचा दोष असावा, अशी कारणे त्यांनी दिली.

इथे तर स्वतःचाच जीव धोक्यात असू शकत होता. तेव्हा परोपकाराचा प्रश्नच नव्हता. मग घडले काय? प्रसंग संदिग्ध असला की त्याचा अर्थ लावण्यासाठी आपण इतरांच्या चेहऱ्याकडे पाहतो. चारचौघांत घाबरट दिसू नये म्हणून प्रत्येकाने आपला चेहरा शांत ठेवलेला असतो. परिणामी प्रत्येक जण दुसऱ्याच्या उसन्या शांततेवरून काळजीचे कारण नाही असे ठरवतो. सगळेच मनातून धास्तावलेले, पण आपण एकटेच तसे आहोत, असा प्रत्येकाचा समज. वर्गात न समजलेले कोणीच विचारत नाही, त्यामागेही हीच यंत्रणा असते.

या अभ्यासांवरून लॅटाने आणि डार्ली यांनी १९७० मध्ये मदतीच्या पाच पायऱ्या मांडल्या. घटना लक्षात येणे, ती आणीबाणीची आहे असे ओळखणे, जबाबदारी आपली मानणे, काय करावे हे माहीत असणे आणि प्रत्यक्ष कृती करणे. यांतील कोणत्याही पायरीवर माणूस थबकला की मदत होत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र पाचही ठिकाणचे थबकणे सारखेच, निर्दयपणाचे दिसते.

घाईतला धर्मोपदेशक

पहिल्याच पायरीवर घाई काय करते, हे जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी १९७३ मध्ये दाखवले. प्रिन्स्टन येथील धर्मशिक्षण संस्थेतील चाळीस विद्यार्थ्यांना दुसऱ्या इमारतीत जाऊन छोटे भाषण द्यायचे होते. त्यांपैकी काहींचा विषय होता बायबलमधील दयाळू शोमरोनीची कथा, म्हणजेच वाटेत जखमी पडलेल्या परक्या माणसाला मदत करणाऱ्या प्रवाशाची कथा. जाण्याच्या वाटेवर एक माणूस कण्हत, खोकत बसवला होता. ज्यांना भरपूर वेळ असल्याचे सांगितले होते, त्यांपैकी ६३ टक्के थांबले. थोडी घाई असलेल्यांपैकी ४५ टक्के, तर 'तुम्हाला उशीर झाला आहे' असे सांगितलेल्यांपैकी अवघे १० टक्के थांबले. भाषणाचा विषय कोणता, याने लक्षणीय फरक पडला नाही. ८.१२ ची लोकल गाठण्यासाठी धावणाऱ्या शहरवासीयांविषयी मत बनवताना हा प्रयोग आठवणे न्याय्य ठरेल.

मात्र चित्र इतके एकरंगी नाही. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत संशोधकांचा साथीदार चालत्या गाडीत कोसळत असे. हातात काठी असलेला, आजारी दिसणारा माणूस कोसळला तेव्हा सुमारे ९५ टक्के वेळा सहप्रवासी आपण होऊन मदतीला आले. दारूचा वास येणारा माणूस कोसळला तेव्हा हे प्रमाण निम्म्यावर आले. डबा भरलेला असूनही मदत झाली, कारण प्रसंग सर्वांच्या डोळ्यांसमोर होता, त्याचा अर्थ स्पष्ट होता आणि पुढचे स्थानक येईपर्यंत तिथून निघून जाण्याची सोय नव्हती. मदतीला पात्र कोण, याचा निवाडाही आपण किती झटपट करतो, हे या अभ्यासाने दाखवले.

मूळ गोष्टीचीच उलटतपासणी

शास्त्राचे वैशिष्ट्य असे की, ज्या घटनेतून प्रश्न सुचला ती घटनाही तपासण्यावाचून सुटत नाही. २००७ मध्ये ब्रिटनमधील तीन मानसशास्त्रज्ञांनी किटी जिनोव्हीज खटल्याची कागदपत्रे पाहून, अडतीस निष्क्रिय साक्षीदारांच्या कथेला पुरावा नाही, असे दाखवून दिले. बहुतेकांनी काही पाहिले नव्हते. अर्धवट झोपेत ओरडणे ऐकले होते. एका शेजाऱ्याने खिडकीतून दरडावल्यामुळेच हल्लेखोर पहिल्यांदा पळाला होता. दुसरा, जीवघेणा हल्ला इमारतीच्या मागच्या बाजूला, आतल्या जिन्यापाशी झाला. तो रस्त्यापलीकडून दिसणे शक्यच नव्हते. एक शेजारीण तर धोका पत्करून खाली धावली आणि किटीने तिच्याच कुशीत अखेरचे क्षण काढले. काय घडते आहे हे कळूनही वेळेवर पाऊल न उचलणारे एक-दोघे होते, हेही खरे; पण अडतीस नव्हेत. २०१६ मध्ये हल्लेखोराचा तुरुंगात मृत्यू झाला, तेव्हा आपले मूळ वृत्त सदोष होते आणि साक्षीदारांचा आकडा फुगवलेला होता, हे 'न्यूयॉर्क टाइम्स'नेही नमूद केले.

मग प्रयोगांचे काय? ते स्वतंत्रपणे केलेले असल्याने कथा कोसळली तरी ते कोसळत नाहीत. पण त्यांनाही मर्यादा आहेत. २०११ मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. धोका उघड आणि गंभीर असेल तर बघ्यांच्या उपस्थितीचा परिणाम बराच क्षीण होतो, असे त्यात दिसले. २०१९ मध्ये लँकेस्टर, अ‍ॅमस्टरडॅम आणि केपटाऊन या तीन शहरांतील रस्त्यांवरच्या २१९ भांडणांचे सीसीटीव्ही चित्रण तपासण्यात आले. त्यांपैकी सुमारे ९१ टक्के प्रसंगी किमान एक तरी त्रयस्थ मध्ये पडला होता.

हे निष्कर्ष परस्परविरोधी वाटतात, पण ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. गर्दी वाढली की 'मी' पुढे होण्याची शक्यता कमी होऊ शकते; परंतु माणसे अधिक असल्याने 'कोणी तरी' पुढे होण्याची शक्यता वाढू शकते. शिवाय हे लक्षात ठेवायला हवे की, जुने प्रयोग प्रामुख्याने अमेरिकी विद्यार्थ्यांवर, त्यांना अंधारात ठेवून केलेले होते. आज असे प्रयोग करायचे तर नीतिविषयक समितीची मंजुरी घ्यावी लागते आणि शेवटी खरा प्रकार सहभागींना समजावून सांगावा लागतो.

आपल्याकडील अडथळे

आपल्या रस्त्यांवर या मानसिक कारणांच्या जोडीला एक व्यावहारिक भीतीही दीर्घकाळ राहिली आहे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण उगाच रूढ झालेली नाही. जखमीला रुग्णालयात पोहोचवावे, तर पोलिसांचे जबाब, न्यायालयाचे खेटे आणि रुग्णालयाचे बिल आपल्याच गळ्यात पडेल, ही धास्ती खोटी म्हणता येत नव्हती. कायदा मात्र आता बदलला आहे. जखमीवर तातडीने उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य असून पोलिसी सोपस्कारांसाठी ते थांबवता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच बजावले होते. मदत करणाऱ्यांना संरक्षण देणारी केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वे याच न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये देशभर बंधनकारक केली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. सद्‍भावनेने, स्वेच्छेने अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यावर त्या जखमीच्या इजेबद्दल वा मृत्यूबद्दल दिवाणी अथवा फौजदारी कारवाई करता येत नाही. त्याने आपले नाव-पत्ता द्यावा अशी सक्तीही करता येत नाही.

दुसरा अडथळा 'आपला' आणि 'परका' या भेदाचा. ब्रिटनमध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मँचेस्टर युनायटेडचे चाहते घसरून पडलेल्या माणसाला मदत करतात का, हे पाहिले गेले. त्याच्या अंगात आपल्या संघाचा सदरा असेल तर ते सहज थांबत, प्रतिस्पर्धी लिव्हरपूलचा असेल तर क्वचित. मात्र आधी त्यांना 'फुटबॉलप्रेमी' या व्यापक ओळखीची जाणीव करून दिली, तेव्हा लिव्हरपूलचा सदरा घातलेल्यालाही मदत मिळू लागली. २००५ चा पूर आणि २००६ चे स्फोट या प्रसंगी मुंबईकर धावून आले, त्याचा काही उलगडा यातून होऊ शकतो. संकटाचा अर्थ स्पष्ट होता आणि ते सर्वांचे होते.

ज्ञानाचा उपयोग

हे सारे वाचून काय साधते? १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बघ्यांच्या मानसशास्त्रावरील व्याख्यान ऐकलेल्या विद्यार्थ्यांनी दोन आठवड्यांनंतर, अगदी वेगळ्या ठिकाणी, आडव्या पडलेल्या अनोळखी माणसाकडे इतरांपेक्षा अधिक प्रमाणात लक्ष दिले. म्हणजे यंत्रणा ठाऊक असणे हाच तिच्यावरचा एक उतारा आहे.

संकटात आपण स्वतः असू, तर 'कोणी तरी मदत करा' असा मोघम आकांत न करता एका माणसाला निवडावे. 'अहो चष्मेवाले काका, तुम्ही १०८ ला फोन लावा. निळा शर्टवाले दादा, तुम्ही गाड्या थांबवा' असे थेट म्हणावे. नेमके काय झाले आहे, हेही मोठ्याने सांगावे. त्यामुळे संदिग्धता संपते आणि वाटली गेलेली जबाबदारी पुन्हा एका व्यक्तीकडे येते. आपण गर्दीत असू, तर इतरांच्या शांत चेहऱ्यांवरून निष्कर्ष काढू नये. जखमीला कसे हलवावे हे माहीत नसेल तर ओढाताण करू नये. पण १०८ वर रुग्णवाहिका किंवा ११२ वर पोलीस बोलावण्यासाठी कोणत्याही प्रशिक्षणाची गरज नाही. प्रथमोपचाराचे शिक्षण घेतलेले असेल तर चौथ्या पायरीवर अडखळणेही टळते.

अपघातानंतरचा पहिला तास जखमीचा जीव वाचवण्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा असतो. त्या तासातील कित्येक मिनिटे 'एव्हाना कोणी तरी फोन केलाच असेल' या विचारात निघून जातात. भोवतालचा प्रत्येक जण तोच विचार करीत उभा असण्याची शक्यता बरीच आहे. तेव्हा असा विचार मनात आला, की शेजारच्याला 'फोन केला का?' एवढे विचारावे आणि उत्तर नीट मिळाले नाही, तर तो आपणच करावा.